गाण्यातली ताई

धाकट्या भावाचा नवा अल्बम आला त्या सकाळी ताईने तो सगळ्या कारखान्याला ऐकवायचं ठरवलं. कारखाना म्हणजे जुने सोफे नवे करून देणारी दोन खोल्यांची जागा, आणि सगळे म्हणजे ती आणि मास्तर. मास्तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. हातात कायम खिळे उपटायची पक्कड आणि तोंडात कायम तक्रार. हा मुलगा स्वतःच गाणी लिहितो, स्वतःच चाली लावतो, म्हणून त्याला अडवणारं कुणी नाही, असं त्यांचं मत होतं. त्याच्या गाण्यांत वठलेली झाडं, ओस घरं, बुडालेल्या होड्या. लोक मात्र जीव टाकायचे. तिने फोन स्पीकरला जोडला आणि एका आरामखुर्चीचं रेक्झिन सोलायला घेतलं.

दोन गाणी झाल्यावर मास्तरांनी विचारलं, बाप मेल्यासारखा का गातो हा? बाप चांगला धडधाकट आहे, भावाकडेच असतो आणि दोन्ही वेळा पोटभर जेवतो, असं तिने हसत सांगितलं. मग तिसरं गाणं लागलं.

कडी कुणी लावली बाई, कोण गालात हसलं,
लोंबत्या कोटांमध्ये एक पोर कोट होऊन बसलं.
बाह्या होत्या, गुंड्या होत्या, आत कुणीच नव्हतं,
काळोखाने घालून पाहिलं, मापात बसत नव्हतं.

मास्तरांची पक्कड थांबली. ताईच्या डोळ्यांतून तर घळाघळा पाणी यायला लागलं. असं काही या पोराला सुचतं तरी कसं! कडी लावणारी ती कोण कैदाशीण असेल, तिला फोडून काढायला हवं, असं ती मोठ्याने बोललीसुद्धा. मास्तरांनी मान डोलावली. तेवढ्यात पुढचं कडवं आलं.

ताई म्हणाली शंभर मोज, मग उघडीन दार,
शंभर झाले, हजार झाले, ताई झाली पसार.

शंभर मोज. हे शब्द तिचे होते. ती बारा वर्षांची, तो पाचाचा. आईची दुपारपाळी. फाटक वाजलं की बाबांच्या पावलांवरून तिला कळायचं आजचा दिवस कसा आहे ते. वाईट दिवस असला की ती भावाला पॅसेजमधल्या कपाटात ढकलायची, शंभर मोज, संपले की पुन्हा मोज म्हणायची, कडी लावायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. तो कुठे आहे, या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं, खेळायला गेलाय. मग बाबांच्या हातात जे असेल ते तिच्यावर. डाव्या हाताची करंगळी तेव्हा मोडली ती वाकडीच राहिली. दार उघडलं की तो त्या बोटावर फुंकर घालायचा. म्हणजे त्याला माहीत होतं, सगळं माहीत होतं. आई गेल्यावर तर जगात हे माहीत असलेला तो एकटाच उरला होता. आयुष्यात आपण एक काम धड केलं, असं ती ज्या बळावर मानायची, ते हे काम होतं.

"तुम्ही दोघंच ना भावंडं?" मास्तरांनी विचारलं.

ती हो म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. फोमच्या थप्प्यांमध्ये उभी राहून तिने भावाला फोन लावला.

तो खुशीत होता. तेच गाणं सगळ्यांत जास्त चाललंय, म्हणाला. तिने विचारलं, बाळ्या, त्या दारापाशी आणखी एक माणूस होता, तो कुठे गेला? त्यावर त्याने आधी आढेवेढे घेतले. गाणं म्हणजे काही पोलिसांचा जबाब नसतो, गाण्यातली ताई म्हणजे तू नव्हेस, वगैरे. मग हळूच खरं बोलला.

"बाबा ऐकतात ना गं माझी गाणी. आता या वयात त्यांना कसं वाटलं असतं?"

"आणि मला?"

"तू समजून घेतेस, ताई. नेहमीच घेतेस."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने समजून घ्यायचं. तिने विचारलं, मी हसले कधी रे? ते यमकासाठी, तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लाजेचा लवलेश नव्हता. ते गाणं काढून टाक, नाहीतर बाबांना एकदा खरं काय ते सांग, एवढंच तिने मागितलं. गाणं आता लोकांचं झालंय, असं म्हणून त्याने फोन ठेवला. परक्याने मारलं असतं तर तिने परत मारलं असतं. याने केसाने गळा कापला होता, तोही सुरात.

ती परत येऊन खुर्चीच्या पाठीला नवं कापड ताणायला लागली. मास्तरांनी गाणी केव्हाच बंद केली होती. तेच तिला जास्त लागलं. मास्तरांना सगळं सांगावं असं दोनदा ओठांवर आलं, पण गाण्यावर रडून झाल्यावर आता मी सांगितलेलं कोण खरं मानणार, असं तिला वाटलं.

चारच्या सुमारास बाबांचा फोन आला. एरवी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा करायचे, तोही औषधाचं नाव विचारायला. आज आवाज मऊ होता. गाणं ऐकलं म्हणाले. दोनदा ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं. बिचारं पोर काळोखात किती घाबरलं असेल. मग घसा साफ करून ते म्हणाले, "तू तरी काय, लहानच होतीस. होतं असं अजाणतेपणी. मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. मी तुला माफ केलं."

ताई खाली फरशीवर बसली. छत्तीस वर्षांत जे वाक्य तिने एकदाही उच्चारलं नव्हतं, ते तिने सरळ, आवाज न चढवता उच्चारलं.

"बाबा, ती कडी मी तुमच्यामुळे लावायचे. तुम्ही मारायचात म्हणून."

बाबा चिडले नाहीत. ते खरोखरच आठवून पाहत होते, मनातल्या मनात कडव्यांमागून कडवी तपासत होते, हे तिला त्यांच्या श्वासावरून कळलं.

"माझ्यामुळे?" ते म्हणाले. "पण गाण्यात तर मी नाहीच आहे."