आढ्यावरून उपाशी

धोंडीबाईची अट एकच होती. घरावर जो चढेल, तो घरात जेवेल. वांगणीच्या पाड्यावर ही अट कुणी बोलून दाखवत नसे, कारण तिथे दुसरी रीतच नव्हती. कुणाचं आढं चढवायचं असलं की पाड्यातली माणसं येत, घरधनीण भाकरी थापी, आणि पुढच्या वेळी त्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या आढ्याला हात लावायला जाई. ज्याच्या आढ्यावरून माणूस उपाशी उतरला त्याची कणगी भरत नाही, असं धोंडीबाईची सासू सांगायची.

मेच्या अखेरीस वादळ आलं आणि धोंडीबाईचं छप्पर उचलून शेतात नेऊन आपटलं. कारवीच्या कुडाची एक भिंत आडवी झाली. पाड्यातल्या निम्म्या घरांची तीच गत झाली. पाऊस कधीही येणार होता.

तिची मुलगी पुष्पलता जव्हारला शिक्षिका होती. आईला जव्हारला चल म्हणून सांगून ती थकली होती. दर गुरुवारी ती ठाण्याच्या एका सेवा मंडळाच्या जव्हारमधल्या सत्संगाला जाई. मंडळाचे लोक पडलेली घरं बांधून देतात, हे तिने तिथेच ऐकलं होतं. तिने एसटीडी बूथवरून फोन लावला. आठवड्याच्या आत पत्रे, लोखंडी नळ्या आणि दहा-बारा सेवेकरी घेऊन टेम्पो वांगणीत आला.

"जेवतील ना गो ते?" धोंडीबाईने पहिलं तेच विचारलं.

"जेवतील, आये. कांदा-लसूण मात्र नको."

"लसणाबिगर आमटी? आजारी हायेत का?"

"त्यांचा नेम आहे तसा."

धोंडीबाई हसली, पण तिने नेम पाळला. उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि नागलीच्या भाकऱ्यांची चळत. पुष्पलताने जव्हारच्या बाजारातून कोरी पातेली आणून दिली. तिखटाचा डबासुद्धा धुऊन घेतला.

मंडळाचे प्रमुख दामोदरकाका बँकेतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. भाकऱ्यांची टोपली पाहून त्यांनी हात जोडले. "माई, केवढे कष्ट! इथे धूळ उडतेय. आम्ही टेम्पोपाशी बसून प्रसाद म्हणून घेतो." दोन सेवेकरी टोपली आणि पातेलं उचलून घेऊन गेले. धोंडीबाई दारातून बघत राहिली. तिला ते नीटसं पटलं नाही, पण शहरातल्या माणसांना चुलीचा धूर सोसत नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

दुपारनंतर निम्मे पत्रे चढले. पुष्पलता रिकामी भांडी आणायला टेम्पोकडे गेली. टेम्पोच्या मागे ओहोळ होता आणि ओहोळात भाकऱ्या पडल्या होत्या. काही दगडांवर, काही साचलेल्या पाण्यात फुगलेल्या. आमटी वाळूत जिरून गेली होती. एक कुत्रं निवांत खात होतं. टेम्पोच्या हौद्यात ठाण्याहून आलेल्या पुऱ्यांचे डबे उघडे पडले होते.

अक्षदा नावाची तरुण सेवेकरी पातेलं घासत होती. पुष्पलताला पाहून तिचा हात थांबला.

"ताई, मला पण नाही बरं वाटलं. काका म्हणाले, त्यांची भावना पोहोचली, अन्न पशुपक्ष्यांना जाऊ दे."

पुष्पलताने पाण्यातली एक भाकरी उचलली आणि ती ठिबकती भाकरी हातात घेऊन सरळ दामोदरकाकांपुढे जाऊन उभी राहिली.

"हे काय आहे, काका?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. "ताई, आवाज नको. सेवेकऱ्यांना नियम असतात."

"कांदा नव्हता. लसूण नव्हता. भांडी कोरी होती, मी स्वतः आणली."

"चूल तीच ना?" काका तितक्याच मऊपणे म्हणाले. "त्या चुलीवर काय काय शिजत असेल, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"मी त्याच चुलीवरचं खाऊन वाढले. दोन वर्षं तुमच्या पंगतीत, तुमच्या शेजारी बसून जेवतेय."

"तुमचं वेगळं आहे, ताई. तुम्ही त्यातून बाहेर आलात."

दोन वर्षं हेच वाक्य मांडीला मांडी लावून पुष्पलताच्या शेजारी जेवत होतं, आणि तिने कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

तेवढ्यात हात पुसत धोंडीबाई आली. "जेवले का रं समदे?"

पुष्पलताने वर पाहिलं. निम्मं घर झाकलं होतं. उरलेल्या वाशांमधून काळं आभाळ दिसत होतं. होय म्हटलं की संध्याकाळपर्यंत काम उरकलं असतं. तिने भाकरीचा हात पदराआड नेला.

ती काही बोलायच्या आतच काकांनी हात जोडले. "तृप्त झालो, माई! अशी भाकरी ठाण्यात कुठली?"

आईचं तोंड फुललं, आणि तेच पुष्पलताला सोसलं नाही.

"खोटं हाय, आये," ती ओरडली. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. "एक घास नाय खाल्ला यांनी. तुझ्या भाकरी ओहोळात टाकल्या. ही बघ!"

धोंडीबाईने भाकरी हातात घेतली. मग मान वर करून आढ्यावरच्या पोरांना हाक मारली. "उतरा रं. उतरा खाली."

"माई, रागावू नका," काका म्हणाले. "बरं, तुमच्या समाधानासाठी मी एक घास घेतो."

"आता नाय," धोंडीबाई म्हणाली. "मी काय भीक मागतंय का, माझं खा म्हणून?"

"पत्रे दात्यांचे आहेत. काम थांबलं तर ते दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यावे लागतील."

"ने की!"

"पाऊस तोंडावर आलाय. अहंकारापायी आईला भिजवणार का, ताई?"

"भिजेल," पुष्पलता म्हणाली. "वाळेल पण. तुम्ही पत्रे काढा."

त्यांनी खरंच काढले. एकेक बोल्ट किरकिरत निघाला. अक्षदा खाली मान घालून टेम्पोत बसली. टेम्पो चढ चढून दिसेनासा झाला तेव्हा नुसते वासे उरले होते, आणि मायलेकी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या.

"तूच आणलंस त्यांना," धोंडीबाई म्हणाली.

"तुझ्यासाठीच आणलं ना!"

"मी कवा सांगितलं?"

आवाज ऐकून शेजारचा लक्ष्या आला. त्याच्या स्वतःच्या घराला अजून भोक होतं. "आम्ही आलोच नसतो का, बाय? तू ठाण्याची माणसं बोलावली. आम्हाला वाटलं, आता तुला आमचे हात नको झाले."

हे ऐकून पुष्पलता आणखी चिडली. पदर खोचून तिने शेतात पडलेली धड कौलं गोळा करायला घेतली. लक्ष्याने शिडी लावली, आणखी दोघे गवताचे भारे घेऊन आले. कौलं अर्ध्यालाही पुरणार नव्हती. पाऊस सुरू झाला तेव्हा ती स्वतः वाशावर बसली होती. केस कपाळाला चिकटले होते आणि तोंडाने दामोदरकाकांना जी उत्तरं द्यायची राहिली होती ती एकेक देणं चालू होतं. हातातलं कौल तिने वाशावर आपटलं.

"हळू गो!" खालून धोंडीबाई ओरडली. "त्याचा राग त्याच्यावर काढ. माझं कौल फोडू नको."

"दे पुढचं," पुष्पलता म्हणाली.