पुडी सोडली की कोसळशील

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, बंद पडलेल्या जीन्सच्या कारखान्यात महाराजांचा दरबार भरायचा. गुडघेदुखीवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत. "सांध्याचा राक्षस मेरे भस्म को डरता है," महाराज म्हणायचे, "पण पुडी सोडलीस तर कोसळशील, बाई." लोक माना डोलवायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण बोलणार कोणत्या तोंडानं? जांभूळ गावात आमच्या घरी सासूबाईंचे, इंदुबाईंचे हात संधिवातानं इतके सुजले होते की वाटी धरवेना. पुडी सुरू झाली आणि आठवडाभरात त्या भाकऱ्या थापू लागल्या. "तुझ्या डॉक्टरनं काय दिवे लावले, सूनबाई?" त्या विचारायच्या. पुढे त्यांचा चेहरा गोल, फुगीर झाला. शेजारणी म्हणाल्या, तेज चढलंय.

मग चुलत सासरे वारले. सुतकात प्रसाद कसा घ्यायचा, म्हणून सासूबाईंनी पुड्या फडताळात ठेवल्या. दहाव्याच्या आधीच त्या ओटीवर कोसळल्या. उलट्या, अंग गार, बोलणं अडखळत.

"भस्माचा कोप आहे," माझा नवरा संतोष म्हणाला. "महाराजांकडे नेऊ."

"आधी दवाखाना. मग माझ्या नावानं खडे फोड."

बदलापूरच्या डॉ. राजसींनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. सासूबाई सावरल्या. त्यांचा फुगलेला चेहरा आणि दंडावरचे काळेनिळे डाग बघून डॉक्टरांना संशय आला; त्यांनी घरची पुडी मागवून तपासायला पाठवली. राखेत स्टेरॉइड निघालं.

"औषध खोटं नाही, देणारा खोटा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "स्टेरॉइड पेशींना सूज आवरणारी प्रथिनं बनवायला लावतं, म्हणून तुमची बोटं वळली. असाच एक रस आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही बनवतात. बाहेरून रोज आयता मिळाला, की त्या काम सोडतात. मग पुडी एकदम बंद झाली, की माणूस कोसळतो."

"म्हणजे महाराज बोलले ते खरंच," सासूबाई म्हणाल्या.

"खरंच. खड्डा त्यांनीच खणला होता ना."

"मग आजपासून काहीच नको मला."

"तसं नाही चालायचं, आजी. मोजून गोळ्या देईन, महिनोन्महिने हळूहळू कमी करत. एकदम सोडलंत तर पुन्हा कोसळाल. संधिवाताचं वेगळं औषधही सुरू करू."

सासूबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्या मेल्यानं मला बांधूनच ठेवलंय." मला रडू आलं आणि रागही.

दुखणारा माणूस कुठेही जातो, त्यात लाज नाही. पण पुडीत काय आहे, एवढं तरी विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका. आणि घेत असाल, तर घाबरून फेकू नका. पुडी घेऊन आजच डॉक्टरकडे जा. आमच्या सासूबाईंची गोळी अजून चालू आहे.