मधला गोळा

बाभुळगावच्या एका कॉलेजात रुपाली तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. मिठाच्या स्फटिकाची आकृती फळ्यावर काढून तिचा हात भरून यायचा, पण बारावीच्या पोरांना त्यात खिडकीचे गजच दिसायचे. शेवटी तिने बाजारातून लिंबं आणि बोरं आणली. लिंबू क्लोराईडचं, बोर सोडियमचं. काड्या टोचून एकाआड एक जोडली आणि टेबलावर मीठ उभं राहिलं. पोरं वाकवाकून, चहूबाजूंनी बघू लागली.

नेमके तेव्हाच संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव फेरीवर आले. टोचलेली लिंबं पाहून दारातच थबकले.

"हे काय वो मॅडम? कोनावर करणी करून राह्यल्या?"

"साहेब, मिठाची रचना आहे."

"मीठ अन् लिंबू! मिरचीच तेवढी राह्यली. लोकं काय म्हनतीन? आपण मोठं मॉडेल बनवू. संस्थेले शोभलं पाह्यजे."

काम मिळालं गणपतीचे देखावे करणाऱ्या शामला. त्याने ते पुरुषभर उंच केलं. प्रयोगशाळेच्या दारातून ते काही आत जाईना, म्हणून झेंड्याच्या कट्ट्याजवळ मांडलं. मोठे गोळे सोनेरी, आणि विठ्ठलरावांच्या हुकमानं त्यांवर लिहिलेलं 'सोडियम'.

"साहेब, उलटं झालं," रुपाली म्हणाली. "सोडियम लहान असतो."

"नाव आधी कोनाचं येते? सोडियम क्लोराईड. मंग मोठा कोन?"

प्राचार्य सदाशिवराव रसायनशास्त्राचेच पीएचडी. त्यांनी एकदा गोळ्यांकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे. "बिनतोड आहे, साहेब," ते म्हणाले. मग रुपालीच्या कानाशी लागले, "मॅडम, पुढच्या वर्षीही तास पाहिजेत ना?"

फीत कापली गेली, नारळ फुटला. अगदी मधल्या मोठ्या गोळ्यावर विठ्ठलरावांचं नाव झळकत होतं. "सोडियमनं लहानग्या क्लोरीनले सांभाळून घेतलं, म्हनून मीठ झालं," ते भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सदाशिवरावांच्या.

दुसऱ्या दिवशी रुपालीने अख्खा वर्गच कट्ट्याजवळ नेला.

"यात चूक शोधा. मीठ होताना सोडियम काय करतो?"

"इलेक्ट्रॉन देते," समीक्षा म्हणाली.

"आणि क्लोरीन?"

"तो घेते. देते तो लहान होते, घेते तो फुगते." बोलता बोलता तिची नजर मधल्या गोळ्यावर गेली. तिने नाव वाचलं आणि तोंडाला ओढणी लावली. मग पोरं अशी फुटली की कट्ट्यावरची कबुतरं उडाली.

तेवढ्यात विठ्ठलरावांची गाडी फाटकातून आत आली. मागोमाग सदाशिवराव धावले.

"कायले हासता रे?"

"साहेब, मोठे गोळे क्लोराईडचे असतेत," समीक्षाने धीर करून सांगितलं.

विठ्ठलरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं. "तसंही म्हणता येईल," सदाशिवराव म्हणाले.

"मंग ते सोडियम-क्लोराईड अदलाबदल करा. पन मधला गोळा मोठाच राहू द्या. माहं नाव पुसू नका."

"नाही पुसत, साहेब," रुपाली म्हणाली, आणि नोकरीला लागल्यापासून इतक्या मनापासून 'साहेब' ती पहिल्यांदाच म्हणाली.

तो गोळा मोठा कशाने होतो, हे त्यांनी विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही. त्या वर्षी आयनांच्या आकाराचा प्रश्न वर्गात एकाचाही चुकला नाही. निकालाच्या सत्काराचा हार अर्थातच विठ्ठलरावांनी घेतला.