तांबुळवाडीचा राहिलेला काला

या, असे पुढं या. कडेला ऊन लागतं, मधे सतरंजीवर बसा. टाळ मांडीवर राहू द्या. महाराजांची गाडी यायला अजून तासभर आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. पस्तीस वर्षं धरणाच्या पोटात राहिलेलं गाव दुष्काळानं वर काढलं, आणि त्या गावात एका रिटायर कंडक्टरनं कसा घोळ घालून ठेवला, त्याची. हसलात तरी चालेल, त्याचं त्यालाही हसूच येतं.

कंडक्टरचं नाव रामकिसन, राहणार केज. माणसाला नाद दोन. एक कीर्तनाचा. वीस कोसांत कुठं सप्ता बसला की हा दुसऱ्या ओळीत मांडी घालून हजर. पहिल्या ओळीत बसायचा नाही, कारण महाराज तिथल्या माणसाला उठवून प्रश्न विचारतात, आणि रामकिसनला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. तिकीट विचारण्यापलीकडं त्याचा आवाज कधी चढला नाही.

दुसरा नाद ओसाड गावांचा. तो एसटीच्या नोकरीतच लागला. दरपत्रकावर ‘तांबुळवाडी’ असा टप्पा छापलेला होता. गाडी थांबायची, माणसं उतरायची, आणि गाव मात्र कुठंच नाही. उजवीकडं नुसतं पाणी. एकदा त्यानं पाशिंजरला विचारलं, “गाव कुठंय हो?”

“पाण्यात हाय, मास्तर. देता का तिथवरचं तिकीट?”

सगळी गाडी हसली. रामकिसन मात्र त्या पाण्याकडं बघत राहिला. तलाठ्याच्या दप्तरात माणसं उठून गेलेल्या गावाला बेचिराख म्हणतात. शिवार आहे, नाव आहे, दिवा लावायला कुणी नाही. अशी गावं आपल्या जिल्ह्यात किती असतील, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. रिटायर झाल्यावर त्यानं जुनी एम-ऐंशी गाडी काढली. पाटोद्याच्या डोंगरात पटकीनं उठलेलं एक गाव पाहिलं. कड्याच्या पलीकडं विहीर आटली म्हणून सोडलेली एक वाडी पाहिली. पडक्या चुलीशी बसून भाकरी खायची, देव असेल तर दोन शब्द गुणगुणायचे आणि परत यायचं. बायको चतुराबाई म्हणायची, “लोकं रिटायर झाल्यावर काशीला जातेत, आमचा मानूस पडक्या भिंतीकडं. बोलतं तरी कोन तुमच्यासंग तिथं?”

“कोनीच न्हाई. म्हनून तर जातो.”

आणि मग तो दोन हजार सोळाचा दुष्काळ आला. टँकरची वाट बघत माणसं घागरीवर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. ऊसच नाही, त्यामुळं सहकारी कारखान्याचं धुराडं त्या साली पेटलं नाही. चैत्र सरता सरता धरण तळाला गेलं आणि बाजारात बातमी फुटली, जुनी तांबुळवाडी वर आली! रामकिसनला त्या रात्री झोप लागली नाही. लग्नाच्या आदल्या रात्रीही तो एवढा तळमळला नसेल.

सकाळीच तो नव्या तांबुळवाडीत पोचला. नवी म्हणजे धरणानं उठवलेल्या लोकांना वसवून दिलेली. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी ज्वारी निवडत बसली होती. ही भिवराबाई. वय ऐंशीला टेकलेलं, गुडघे गेलेले, पण नजर तिखट.

“कुठलं पाव्हनं?”

“केजचा, मावशी. एसटीत कंडक्टर व्हतो. जुनं गाव बघायला आलो.”

“कावून? तुमचं काय हाय तिथं?”

“काईच न्हाई. आवड हाय.”

“घ्या! ज्याचं काई न्हाई त्यो उन्हात आला, आन ज्यांचं समदं तिथं बुडलं ती पोरं जीपमधून फोटू काढून आली.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “कीर्तनाला बसता का कधी?”

“मावशी, दुसरं करतो काय मी!”

मग ती सरसावून बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. तिचे मालक पंडितराव, गावचे वीणेकरी. धरणाची दारं लावली त्या श्रावणात गाव बहुतेक उठलं होतं, तरी सगळे परत आले, शेवटचा सप्ता जुन्या जागेवरच करायचा म्हणून. तुम्हाला ठाऊक आहे, सप्ता बसला की वीणा खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा असतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. सातव्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पाणी गावात शिरलं. त्या वेळी वीणा पंडितरावांच्या गळ्यात होती. माणसं पोरंबाळं उचलून पळाली. पंडितराव छातीएवढ्या पाण्यातून वीणा डोक्यावर धरून निघाले. आठव्या दिवसाचं काल्याचं कीर्तन राहिलं ते राहिलंच.

“नव्या गावात दरसाल सप्ता व्हतो, काला व्हतो. पर ह्यांचं एकच. म्हनायचे, भिवरे, माजा पहारा अजून कोनी बदलला न्हाई. ती वीणा खुंटीला, भुईवर कधी ठिवली न्हाई. मागल्या साली गेले, तरीबी न्हाई ठिवली.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मास्तर, मला ती वीणा त्या सप्त्याच्या जागी नेऊन काला करायचा हाय. बस. पर मशिनी चालल्यात तिथं. गाळ उपसून शेतात टाकतेत. आज-उद्या जोती बी उकरतील. जागा गेली तर मी कुठं उभी राहू? तेवढी सप्त्याची जागा हुडकून द्या.”

मेलेली गावं बघत फिरणाऱ्या माणसाला एका गावानं काम सांगितलं! रामकिसन ताडकन उठला. “मावशी, उद्या दुपारच्या आत जागा हुडकली म्हनून समजा. डबल बेल!” आणि गाडीला किक मारून तो धरणात उतरलाही.

काय ते दृश्य, मंडळी! भेगाळलेल्या चिखलात शिंपले चमकत होते, माशांचे काटे पसरलेले. त्यातून गल्ल्यांमागून गल्ल्या वर आलेल्या. जोती, उंबरे, पालथं पडलेलं जातं, एका दारात तर रांगोळी कोरलेली दगडी पाटी जशीच्या तशी. रामकिसन एकटाच मोठ्यानं बोलत चालला होता, “अगं आई गं! हा आड! ही चावडी! हे बघा, हे बघा!” बघायला कुणीही नव्हतं.

पलीकडं पोकलेन घुरघुरत होतं आणि बंद कारखान्याचे ट्रॅक्टर गाळ भरून निघत होते. गावच्या सोसायटीनं हे काम घेतलं होतं. पोकलेनवर होता शहादेव नावाचा पंचविशीतला गडी, डोक्याला फडकं, कानात गाण्याची बोंडं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रामकिसनला एका चौथऱ्याच्या दगडावर काहीतरी लाल दिसलं. नखानं खरवडलं. शेंदूर! बोटभर जाडीचा, थरावर थर चढलेला मारुतीचा शेंदूर! म्हातारा त्या चौथऱ्याभोवती अक्षरशः नाचला. मग धावत पोकलेनपाशी गेला.

“ए बाबा, त्या मारुतीच्या जोत्याला हात लावायचा न्हाई बरं का! तिथं सप्त्याची जागा हाय.”

“मग मी उकरू कुठं, काका? समदीकडंच कोनाचं तरी काईतरी निघतंय. सकाळी एक बाई म्हनली, माजी चूल हाय.”

रामकिसननं ऐटीत चौफेर बघितलं. आडापलीकडं सिमेंटचं एक लांबलचक जोतं होतं, भिंतीच्या तुकड्यावर ‘वि. का. सेवा सह.’ एवढी अक्षरं राहिलेली. “ते काय, सोसायटीचं गोदाम. त्याला लाग. तिथं काय हाय, युरियाची पोती ठिवायची जागा.”

“हुकूम, मास्तर,” म्हणत शहादेवनं यंत्र वळवलं.

तासाभरात रामकिसन भिवराबाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून घेऊन आला. तिच्या एका हातात काल्याचं मडकं, त्यात लाह्या, दही, लोणचं, आणि छातीशी धरलेली वीणा. बातमी लागली तशा पाचसहा बाया आणि दोन म्हातारेही मागून आले. रामकिसननं हात धरून तिला चौथऱ्यापाशी आणलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

भिवराबाईनं दगडाला डोकं टेकवलं. मग मान वर करून म्हणाली, “मारुतीराया, बरं हाय ना बाबा? पर मास्तर, मला इथं कावून आनलं?”

“सप्त्याची जागा ना ही?”

“ही? आवो, मारुती तर माघातच बैलगाडीत घालून नव्या गावात नेला व्हता! देवळाचे दगड बी काढले व्हते. उघड्यावर सप्ता बसवत्यात का श्रावनात? सप्ता सोसायटीच्या गोदामात बसला व्हता. त्याचे पत्रे तेवढे राहिले व्हते, ते काढायचा सोसायटीचा ठराव झाला न्हवता म्हनून!”

रामकिसननं गोदामाकडं वळून पाहिलं. उभा जन्म सप्त्यांत गेला, आणि सप्ता मारुतीपुढंच असणार, हे त्यानं मनाशीच ठरवून टाकलं होतं. म्हातारीला विचारायचंही सुचलं नव्हतं. आणि तिकडं, आडापलीकडं, पोकलेनचा दात त्याच्याच सांगण्यावरून गोदामाच्या जोत्यात शिरत होता.

पळाला! साठी उलटलेला माणूस त्या भेगांतून असा पळाला की एक चप्पल इकडं राहिली, दुसरी पलीकडं. “थांब रे! शहादेव, थांब!” कानात बोंडं घातलेल्याला काय ऐकू जातंय! पूर्वेचा कोपरा उचकटून खाली पडला. दात पुन्हा वर गेला. तेव्हा रामकिसन सरळ जोत्यावर चढला, दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला आणि तीस वर्षांत कधी निघाला नव्हता असा आवाज त्याच्या छातीतून निघाला,

“रा–म–कृ–ष्ण–ह–री!”

दात हवेतच थांबला. शहादेवनं कानातली बोंडं काढून दार उघडलं. “मरायचं हाय का, काका? तुमीच म्हनले ना, युरियाची जागा?”

“चुकलं माजं! हीच हाय सप्त्याची जागा. मी येडा हाय. बंद कर तेवढं.”

शहादेवनं क्षणभर त्याच्या अनवाणी, रक्ताळलेल्या पायांकडं पाहिलं आणि किल्ली फिरवली. एकदम इतकं शांत झालं की दूरच्या टिटवीचं ओरडणं ऐकू आलं.

भिवराबाईला दोघांनी मिळून जोत्यावर चढवलं. एक कोपरा गेला होता, बाकी जागा शाबूत होती. ती चाचपडत चालली, एका ठिकाणी थांबली. “हितं. हितं उभे व्हते हे. पानी आलं तवा.” आणि तिनं स्वतःच वीणा गळ्यात घातली. “आता कीर्तनाला उभं राहा, मास्तर.”

“मी? मावशी, मी ऐकनारा मानूस. मला न्हाई येत.”

“मघा जो आवाज काढला, त्यो कोनाचा व्हता मग?”

एक बाई मागून म्हणाली, “राहा की, मास्तर. तिकिटं न्हाई मागत आमी.” सगळे खो खो हसले. रामकिसनला हसू आलं, आणि भीती त्या हसण्यात कुठं विरली ते त्यालाच कळलं नाही. त्यानं उपरणं कमरेला बांधलं.

शास्त्र-पुराण त्याला काय येत होतं! त्यानं एवढंच सांगितलं, की गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची ताजी, कुणाची शिळी, आणि देवानं त्या एकात एक कालवल्या. एकदा कालवल्यावर कोणाचा घास कोणता, हे देवालाही ओळखू येईना. “आन मंडळी, सोसायटी म्हंजे तरी दुसरं काय व्हतं? दहा घरचं दाणं एका गोदामात. म्हनून गावानं सप्त्याला जागा निवडली ती काय चुकीची निवडली न्हाई. चुकला त्यो मी!” म्हातारे टाळी द्यायला लागले. ट्रॅक्टरवाले उतरून आले. शहादेव जोत्याच्या कडेला पाय सोडून बसला होता, तो हळूच पाय आत घेऊन मांडी घालून बसला. उन्हाचा वणवा होता, घामानं सगळे निथळत होते, आणि विठ्ठलाचा गजर त्या कोरड्या धरणात असा घुमला की काठावरच्या शेतातली माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

काला वाटायची वेळ झाली. भिवराबाई मडक्यात हात घालेना. “वीणा गळ्यात असताना कसं? पहारा बदलाया पायजे आधी.” तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कडेच्या पोराजवळ थांबली. “तू ये रे, मशीनवाल्या.”

“मी, आजी?” शहादेव गांगरला. “माजे हात डिझेलचे.”

“त्यांचे हात चिखलाचे व्हते. वाक खाली.”

शहादेव वाकला. म्हातारीनं वीणा त्याच्या गळ्यात घातली, त्याच्या पायांना हात लावला, तशी रीत आहे, आणि सरळ उभी राहिली. पस्तीस वर्षांनी खांदा हलका झालेलं माणूस कसं दिसतं, ते त्या दिवशी तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. मग तिनं पहिला घास वीणेकऱ्याच्या तोंडात घातला, दुसरा रामकिसनच्या, आणि पुढं कुणी कुणाला भरवलं याचा हिशोबच राहिला नाही. दही सगळ्यांच्या दाढीमिशांना लागलं. शेवटी, काला संपल्यावर, शहादेवनं वीणा उतरवून त्या जोत्यावर अलगद ठेवली.

त्या उन्हाळ्यात गाळाच्या खूप खेपा गेल्या, पण शहादेवनं शेवटपर्यंत ते जोतं सोडूनच खणलं. आता त्याच्यावर पुन्हा पाणी आहे.

तर मंडळी, ती बघा महाराजांची गाडी वळली. उठण्याआधी एवढं ऐका. आज काला हातावर पडेल तेव्हा लगेच तोंडात टाकू नका. कुणी बदली करायला आलं नाही म्हणून जन्मभर पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पंडितरावांची क्षणभर आठवण काढा, आणि मग घास घ्या.