गोल्डमेडलची पहिली खुर्ची

फर्निचर डिझाइनमध्ये ती विद्यापीठात पहिली आली होती, म्हणून कारखान्यात सगळे तिला गोल्डमेडल म्हणायचे. आणि या बाईसाहेबांनी तीन महिन्यांत साधं स्टूलसुद्धा बनवलं नव्हतं! कागदावर खुर्च्या काढायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या. मोडली तर? लोक हसले तर? तिकडे आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं, आमची लेक नोकरीला लागली म्हणून.

शेवटी मालक, म्हणजे सुतारकाका, वैतागले. "हे बघ पोरी, शनिवारी तुझी खुर्ची हवी. मी बसून बघणार. नाही झाली, तर सोमवारपासून येऊ नकोस."

काकांचं वजन एकशे दहा किलो. आतल्या खोलीचं दार लावून ती कामाला लागली. पाय मनगटाएवढे ठरवले होते, ते झाले मांडीएवढे. आडव्या पट्ट्या चार पुरल्या असत्या, हिने ठोकल्या अकरा. वर प्रत्येक सांध्याला लोखंडी कोन!

शनिवारी काका आणि पॉलिशवाला आत आले. काका बसले, बसल्याबसल्या दोनदा आदळले. खुर्ची ढिम्म. गोल्डमेडलचा जीव भांड्यात पडला.

"आता बाहेर टेबलाशी घेऊन चल," काका म्हणाले.

घेऊन कसली जातेय! तिघांनी ढकलत ढकलत दारापर्यंत नेली, आणि तिथे ती अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. जेवणाचे डबे बाहेर, माणसं आत.

"दाराचं माप घेतलं होतंस का गं?"

"नाही... मोडणार नाही, एवढंच बघितलं."

"मग आता तूच काप. मला भूक लागलीय."

रडू अगदी तोंडाशी आलं होतं. तरी तिने करवत उचलली. खुर्चीचा एक हात कापला, मग दुसरा. खुर्ची सुटली, दोघे डब्यांकडे धावले. पण ही काही थांबेना. हात गेले, मग पाय एवढे जाड कशाला? तासले. पट्ट्या उपटल्या. पाठ जरा मागे कलती केली. दुपार सरली, केसांत भुसा झाला, आणि बाई चक्क गुणगुणत होत्या! खुर्ची आता एका हाताने उचलता येत होती, आणि काय देखणी दिसत होती म्हणून सांगू!

"बसा काका."

काका बसले. आरामात टेकले. "वा!" म्हणाले. आणि कडकन आवाज झाला. काका जमिनीवर, चारी मुंड्या चीत.

पॉलिशवाल्याचा ब्रश हातातच राहिला. आता ही भोकाड पसरणार, असंच त्याला वाटलं.

गोल्डमेडल गुडघ्यांवर बसली आणि तुटलेला पाय उजेडात धरून बघू लागली. "मागचा डावा गेला. म्हणजे बाकीचे तीन टिकले! काका, हा मी जरा जास्तच तासला. अर्धं बोट जाडी वाढवली की झालं. सोमवारी दुसरी करते."

"कर की. आठला ये, उशीर नको," काका पडल्यापडल्या म्हणाले, "पण आधी मला उठव ना गं, बये!"