दूध आटायच्या आधी

छाती घट्ट बांधली की दूध आटतं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनीच जुन्या चादरीची पट्टी फाडून धाकट्या सुनेला गुंडाळली, आत कोबीची गार पानं ठेवली आणि म्हणाल्या, "थोडे दिवस सोस. शरीर हळूहळू समजून घेतं."

शरीर काही समजून घेईना. पानं शिजल्यासारखी मऊ पडायची, पट्टी ओली व्हायची, आणि रोज सकाळी धाकटी बाथरूमचं दार लावून बेसिनवर वाकायची. नळ मोठा सोडायची. काय वाहून जातंय ते डोळ्यांना दिसायला नको.

बाळ कसं गेलं ते चर्चच्या सगळ्या मंडळीला माहीत होतं. वेळेआधी झालेली मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या खोलीत उबेच्या दिव्याखाली ठेवली होती. शेजारची खाट रिकामी झाली म्हणून मोठ्या सिस्टरने त्या खाटेचा दिवा बंद करायला हात लांबवला. बटणं एकाच फळीवर, सगळी एकसारखी, आणि सिस्टर सलग दुसरी पाळी करत होती. विझला तो भलताच दिवा. लक्षात आलं तोवर पोर गार पडत चालली होती. पाळकांना बोलवायला वेळ उरला नव्हता, म्हणून सिस्टरनेच वाटीत पाणी घेतलं आणि कपाळाला बोटं लावून तिला बाप्तिस्मा दिला. ज्या हाताने दिवा घालवला, त्याच हाताने. हे धाकटीच्या घशात अडकून बसलं होतं. गिळवेना आणि थुंकवेना.

सिस्टरने लपवाछपवी केली नाही. डॉक्टरांना सांगितलं, पाळकांना सांगितलं, आपणहून कामावरून दूर झाली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गाणं सुरू झालं की निघून जायची. लोक म्हणायचे, बाई किती खरी! धाकटीला तो खरेपणाही बोचायचा.

एके दिवशी दुपारी पाळकांच्या पत्नी, पाळकबाई आल्या. चहात बिस्किट बुडवून बसल्या, ते विरघळून तळाशी गेलं तरी त्यांना पत्ता नाही.

"मी मागायला आले नाही हं. नुसतं सांगायला आलेय."

"सांगा की," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या तोंडात तीळ भिजतोय कुठे!"

"सिस्टरची लेक बाळंत झाली. तीही वेळेआधीच. खूप रक्त गेलं, अजून शुद्धीवर नाही. आणि पोराला डब्याचं दूध पचत नाही. पोट फुगतं, हिरवं ओकतं. दुसऱ्या आयांचं दूध साठवायला फ्रीज आहे तिथे, पण तो रिकामा पडलाय."

धाकटीने विचारलं, "त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"छे गं! तिने तर मला शपथ घातली, त्या घराची पायरी चढायची नाही म्हणून. माझीच जीभ राहिना."

नवरा खिडकीजवळ बसून कानशीने किल्ली घासत होता. त्याचं कुलपांचं दुकान होतं, राहिलेलं काम तो घरी आणायचा. मान वर न करता म्हणाला, "सरळ नाही म्हण. देवसुद्धा तुला बोल लावणार नाही."

"देवाच्या वतीने तू कशाला बोलतोस?" सासूबाई म्हणाल्या. "तू किल्ली घास."

पाळकबाई गेल्यावर धाकटी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही सांगा, आई. काय करू?"

"मी काय सांगू, बाळा. दूध तुझं, दुःखही तुझंच." त्या ओढणीची घडी घालत राहिल्या, मोडून पुन्हा घालत राहिल्या. "मात्र नळ कशासाठी वाहतो, ते मला कळतं."

धाकटीने चपला घातल्या. "नुसती बघून येते," ती नवऱ्याला म्हणाली. त्याची कानस थांबली.

नवजात बाळांच्या खोलीबाहेर बाकावर सिस्टर बसली होती. पांढऱ्या गणवेशाविना ती कुणीतरी दुसरीच, लहानखुरी म्हातारी वाटत होती. धाकटीला बघून ती दचकून उठली.

"तू कशाला आलीस? जा पोरी, घरी जा. माझं ओझं तू उचलू नकोस."

धाकटी तिच्याकडे न बघता आत गेली.

तिथल्या आयाबाईने पडदा ओढला आणि हातात दूध काढायचा पंप दिला. "लाजायचं नाही. इथे आलं की सगळ्या गाईच!" स्वतःच्याच विनोदावर हसली, मग धाकटीचा चेहरा बघून गप्प झाली.

पट्टी सोडली. पंप लावला. एक थेंब येईना. घरी नको नको म्हणताना वाहणारं दूध इथे दगड होऊन बसलं. "बाळ डोळ्यांसमोर आण," आयाबाई म्हणाली. धाकटीने आणलं, आणि जे थोडं सैल झालं होतं तेही आवळलं.

ती पंप खाली ठेवणार, तेवढ्यात पलीकडे मूल रडलं. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, मध्येच तुटणारा. आणि धार लागली. एकदम, दोन्हीकडून, पदर भिजवत. धाकटीला स्वतःच्या शरीराचा संताप आला. मला न विचारता? एवढ्या लवकर?

बाटली अर्धी भरली. समोरच हात धुवायचं बेसिन होतं. बाटली उपडी करायला कितीसा वेळ लागला असता! कुणी बघतही नव्हतं. ती तशीच धरून उभी राहिली. काच कोमट होती. पलीकडे मूल अजून रडत होतं, पण आता आवाजात जोर उरला नव्हता.

तिने पडदा सरकवला आणि बाटली आयाबाईच्या हातात दिली.

"जगेल का?"

"आत्ताच कुणी काही सांगत नाही," आयाबाई म्हणाली.

बाहेर सिस्टर तशीच उभी होती. धाकटी तिला ओलांडून चार पावलं गेली आणि वळली.

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत. पाळकांना सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

"कुठल्या तोंडाने येणार होते तुझ्यासमोर?"

"ह्याच."

सिस्टरने बाकाची पाठ धरली. ओठ हलले, आवाज उशिरा आला. "माझ्या हातून तुझी मुलगी गेली. मला क्षमा कर."

लहानपणापासून पाठ असलेला शब्द, रविवारच्या शाळेत सगळ्यांच्या आधी हात वर करून म्हटलेला. तो धाकटीला आता कुठेच सापडेना.

"नाही येत मला," ती म्हणाली. "खोटं म्हणायचं नाही."

"नको म्हणूस."

धाकटीचा पदर गार पडून अंगाला चिकटला होता.

"सकाळी येते," ती म्हणाली. "सकाळी जास्त निघतं. बाटल्या उकळून ठेवायला सांगा आयाबाईंना."

"सांगते," सिस्टर म्हणाली.