ब्रेकला वीज लागत नाही

मिस्त्रींची हयात जत्रेतल्या पाळण्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेली होती. ब्रेक म्हटला की रबर घासणार, आवाज होणार, जळका वास येणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यामुळे उद्यानातल्या उंच मनोऱ्यावरून बैठक खाली सोडायच्या खेळाला त्यांच्या इंजिनियर लेकीने नवे ब्रेक बसवले, ते काही त्यांच्या पचनी पडेनात. बैठकीच्या पाठीला चुंबकं, मनोऱ्याच्या पायथ्याशी तांब्याच्या उभ्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट. कशाला काही टेकतच नाही. लेकीने समजावलं होतं, की चुंबक वेगाने जवळून गेलं की तांब्यात भोवऱ्यासारखी वीज फिरू लागते आणि तीच चुंबकाला मागे ओढते. मिस्त्रींनी नुसती मान डोलावली.

वाळूची पोती बसवून वीस चाचण्या नीट झाल्या. एकविसाव्या वेळी लेक स्वतः बसली. बैठक टोकाला पोचली आणि अख्ख्या उद्यानाची वीज गेली. जनरेटरही सुरू होईना. वर वारा सुटलेला, आणि कमरेवरची कडी बैठक खाली आल्याशिवाय उघडत नाही. बैठकीला वर धरून ठेवणारी पकड सोडायची हातदांडी होती मिस्त्रींच्या पुढ्यात.

लेकीचा फोन आला, दांडी ओढा म्हणून. वीज येईपर्यंत थांबू, असं ते म्हणत राहिले.

"वीज नाही गं. ब्रेक लागणार कसे?"

"त्यांना बाहेरची वीज लागतच नाही, बाबा. मी पडेन, त्यातूनच ती तयार होईल."

मग ती हळूच म्हणाली, "मला इथे भीती वाटतेय. सोडा आता."

त्यांनी दांडी ओढली. डोळे मिटायचंही सुचलं नाही. बैठक दगडासारखी सुटली, पट्ट्यांमध्ये शिरली आणि कुणी अलगद झेलावी तशी मंदावली. ना करकर, ना धूर. शेवटचं हातभर अंतर रेंगाळत उतरून ती रबरी गादीवर टेकली.

कडी उघडून लेक बाहेर आली तेव्हा कुठे मिस्त्रींनी दांडी सोडली. ते कट्ट्यावरच बसले. लेक शेजारी टेकली, तसा त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग उठून तांब्याच्या पट्टीला तळवा लावून पाहिला. कोमट होती.

"तुझ्या आईला यातलं काही सांगायचं नाही," ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. पण रात्री जेवताना पहिल्या घासालाच तुमच्या तोंडून बाहेर पडेल."

मिस्त्री हसले. डोळे पुसत, मोकळेपणाने, बराच वेळ हसत राहिले.